मावशीचं हार्ट, तांब्याचा चंबू आणि सांगलीचा पूर

पेशंट म्हणजे माझी सख्खी मावशी. तेव्हा वय ६६, दमा जुना, बीपीची एक गोळी रोज, शुगर नाही, हार्टचा त्रास आयुष्यात कधी नाही. राहायला सांगलीत, नदीच्या बाजूच्या जुन्या वस्तीत, पहिल्या मजल्यावर एकटी, काका जाऊन सात वर्षं झालेली. मुलगा-सून मिरजेत. मी पुण्यात ज्युनियर कॉलेजला बायोलॉजी शिकवते, डॉक्टर नाही, पण घरात कुणाचाही रिपोर्ट आला की त्याचा फोटो आधी मला येतो. ही सगळी हकीकत मावशीला विचारूनच लिहितेय. तिची अट एकच, "मी रडत होते असं लिहू नकोस." रडली नव्हतीच ती, आणि पुढे डॉक्टरांना हे सांगायला आम्ही विसरलो नाही कारण आम्हाला वाटत होतं की न रडल्यामुळेच झालं सगळं.

ऑगस्ट २०१९ चा पूर सांगलीवाल्यांना तारखेसकट पाठ आहे. आयर्विन पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका, हे तिथल्या शाळकरी पोरांनाही माहीत असतं. मावशीचा हिशोब वेगळा होता. २००५ ला पाणी तळमजल्याच्या खिडकीपर्यंत येऊन थांबलं होतं, भिंतीवर काकांनी खिळा ठोकून खूण केलेली, तर आता फार फार तर तेवढं येईल, मी वरच आहे, मला काय होतंय. दादा (मावसभाऊ) दोनदा न्यायला आला, ही आली नाही. मग रस्ताच बंद झाला. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २००५ पेक्षा तीनेक फूट जास्त, आणि काकांचा खिळा कधी बुडाला ते कुणी बघितलं पण नाही.

तीन रात्री ती वर अडकली. सोबत खालच्या मजल्यावरचं कुटुंब, चार माणसं, तीही वर आलेली. लाईट नाही, मोबाईल दुसऱ्या दिवशी मेला. चिवडा, बिस्किटं, शेंगदाण्याचे लाडू होते म्हणून पोटाची सोय झाली. अडचण संडासाची. खालची लाईन भरल्यामुळे पाणी उलटं वर यायला लागलं, आणि घरात परकी माणसं, त्यात पुरुष दोन. मग मावशीने बायका करतात तेच केलं, पाणी प्यायचं बंद केलं. दिवसाला दोन ग्लास, कधी दीडच.

इथेच थांबून सांगते कारण बाकी सगळे हार्टपासून सुरुवात करतात आणि माझ्या मते ही केस तीन दिवस आधी मूत्रपिंडात सुरू झाली. रक्तातला क्षारांचा दाटपणा एक-दोन टक्के वाढला तरी मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला कळतं, पिट्युटरीतून एडीएच नावाचं हार्मोन सुटतं आणि किडनीला निरोप जातो की पाणी सोडू नको. लघवी कमी, गडद पिवळी. त्याच वेळी किडनी रेनिन सोडते, त्यातून पुढची साखळी चालू होते, रक्तवाहिन्या आवळतात, अॅल्डोस्टेरॉन मीठ धरून ठेवतं. बीपी टिकवायची ही सगळी धडपड. शरीराला पूर बिर काही कळत नाही, त्याच्या लेखी मावशी वाळवंटात होती. चहूबाजूंनी पाणी आणि आत दुष्काळ, असं मी वर्गात सांगितलं तेव्हा पोरं हसली, पण तेच खरं होतं.

दुसरी गोष्ट झोप. तीन रात्रीत मिळून पाच-सहा तास, ती पण बसल्या बसल्या, कारण दर तासाला कुणीतरी बॅटरी मारून जिन्याच्या किती पायऱ्या राहिल्या ते मोजत होतं. कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, सकाळी चढतो आणि रात्री उतरतो ही रोजची लय, मध्यरात्री तो सगळ्यात कमी पाहिजे. रात्रभर पायऱ्या मोजणाऱ्या माणसात तो उतरत नाही. म्हणजे हायपोथॅलॅमस पिट्युटरीला टोचतंय, पिट्युटरी किडनीवरच्या अॅड्रेनल ग्रंथीला टोचतेय, आणि ती ग्रंथी कॉर्टिसॉल ओततेय, तिन्ही रात्री. कॉर्टिसॉल असेल तिथे अॅड्रेनलिनचा असर जास्त बसतो हेही लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तिसरी गोष्ट तिचा निळा पंप. ओल, बुरशी, डिझेलचा वास, दमा उठणारच. पंपातलं साल्ब्युटामॉल श्वासनळ्या मोकळ्या करतं ते बीटा-२ रिसेप्टरवर (पेशीवरची निरोप घेणारी जागा) बसून, आणि अॅड्रेनलिन पण त्याच रिसेप्टरवर बसतं, म्हणजे पंप हा एक प्रकारे अॅड्रेनलिनचा धाकटा भाऊच. रोज दोन-तीनदा लागणारा पंप तिने त्या दिवसांत किती वेळा घेतला याचा हिशोब नाही, पण नवा पंप होता आणि बाहेर आली तेव्हा तो खडखडीत रिकामा होता.

८ तारखेला दुपारी बोट आली. गॅलरीच्या कठड्यावरून तिला उतरवलं. ती सांगते की हात असे थरथरत होते की कठडा धरता येईना, घशाला कोरड, पण डोकं एकदम लख्ख, कुणी कुठे बसावं हे हीच सगळ्यांना सांगत होती. पुस्तकात वाघ समोर आल्यावर काय होतं ते शिकवतो ना आम्ही, ते हेच. अॅड्रेनल ग्रंथीच्या आतल्या गाभ्याला थेट मज्जातंतूची तार जोडलेली आहे, म्हणून कॉर्टिसॉलला मिनिटं लागतात तिथे अॅड्रेनलिन सेकंदात सुटतं. नाडी वाढते, कातडीचं आणि पोटाचं रक्त काढून स्नायूंना दिलं जातं, पचन बंद, लाळ आटते, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. आपल्याकडे घाबरल्यावर काळजाचं पाणी झालं म्हणतात आणि छातीवर हात ठेवतात, पण मटणाच्या दुकानात काळीज मागा, यकृतच मिळेल! म्हणजे साखर सोडणारा अवयव बरोबर, हात ठेवायची जागा तेवढी चुकली.

मिरजेत आली, आंघोळ केली, वरणभात खाल्ला, रात्री दम लागला म्हणून नातवाच्या नेब्युलायझरवर दोनदा वाफ दिली. सगळ्यांना हायसं वाटलं, सुटली एकदाची.

९ तारखेला सकाळी चहा पिताना वहिनीच्या फोनवर गल्लीचा व्हिडिओ आला, बोटीतून कुणीतरी काढलेला. मावशीने बघितला. तिच्या गॅलरीचा कठडा दिसत होता आणि पाणी कठड्याच्या आत होतं. काकांची पेटी, लग्नातली भांडी, माझ्या आजीच्या हातची गोधडी, सगळं त्या खोलीत खाली ठेवलेलं. ती काही बोलली नाही. फोन परत दिला, "बरं" म्हणाली. दहा एक मिनिटांनी छातीत दाबल्यासारखं व्हायला लागलं, जबड्यापर्यंत कळ, दरदरून घाम.

आणि इथे आमच्या घराने पाऊण तास घालवला. टेन्शन घेतलंय, गॅस धरलाय, लिंबू सरबत द्या, पडू दे जरा. मी फोनवर होते आणि मीसुद्धा पहिल्यांदा म्हणलं की पॅनिक असेल, हे कबूल करते. शेवटी वहिनीचं डोकं चाललं, तिने रिक्षा बोलावली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, छातीवरच्या लीड्समध्ये (तारांमध्ये) आलेखाचा एसटी नावाचा भाग वर चढलेला, म्हणजे हृदयाच्या पुढच्या भिंतीचा अटॅक असतो तसा तंतोतंत. अॅस्पिरिन चघळायला दिली, जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवली आणि मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं. सॉर्बिट्रेटनंतर बीपी ९० वर आलं. त्या डॉक्टरांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, तो ईसीजी बघून कुणीही तेच केलं असतं, पण बीपी का पडलं त्याचं उत्तर दुपारी मिळालं.

लगेच अँजिओग्राफी. दादाला वाटलं आता स्टेंटचा आकडा सांगतील. डॉक्टरांनी त्याला आत बोलावून स्क्रीन दाखवली, हृदयाच्या तिन्ही मुख्य रक्तवाहिन्या साफ, वयाच्या मानाने तर छानच. अडथळा कुठेच नाही. मग त्यांनी हृदयाच्या डाव्या कप्प्यात डाय (एक्स-रेत दिसणारं औषध) सोडून त्याची हालचाल दाखवली. वरचा भाग जोरजोरात आवळतोय आणि खालचं टोक नुसतं फुगून लोंबतंय, हलतच नाही. दादाने मला फोनवर सांगितलं ते शब्द, "अगं आपल्या देवघरातला तांब्याचा चंबू असतो ना, अरुंद गळ्याचा, तसं दिसतंय आईचं हार्ट."

दादाला माहीत नव्हतं पण या आजाराचं नाव भांड्यावरूनच पडलंय. १९९० मध्ये हिरोशिमाच्या सातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानमध्ये या आकाराचं वर्णन लिहिलं तेव्हा त्यांना ऑक्टोपस पकडायचं मडकं आठवलं, तळाला गोल, गळ्याला अरुंद. त्याला तिकडे ताकोत्सुबो म्हणतात. ताकोत्सुबो कार्डिओमायोपॅथी. ऑक्टोपसचं मडकं आपण कुणी बघितलंय, आपल्याला चंबूच बरा.

बाकीचे रिपोर्ट असे. ट्रोपोनिन वाढलेलं होतं, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा होती, पण एवढा मोठा भाग बंद पडलाय म्हणल्यावर जेवढं वाढायला पाहिजे त्या मानाने बरंच कमी, आणि हीच या आजाराची खूण. ईएफ, म्हणजे एका ठोक्यात डावा कप्पा किती टक्के रक्त बाहेर फेकतो तो आकडा, ३५. निरोगी माणसात ५५ च्या वर असतो. शुगर १८८, डायबेटिस नसताना, ही यकृताने सोडलेली साखर. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचा आकडा, थोडं वाढलेलं, ते तीन दिवस न प्यायलेल्या पाण्याचं. एकाच कागदावर तीन अवयवांनी आपापली हकीकत लिहिलेली होती, पण घरी सगळे फक्त हार्टची ओळ वाचत होते.

आता टोकच का बंद पडलं? एक स्पष्टीकरण असं की डाव्या कप्प्याच्या टोकाकडे बीटा-२ रिसेप्टर जास्त असतात. नेहमीच्या अॅड्रेनलिनला ते "जोर लाव" असा निरोप आत पोचवतात, पण अॅड्रेनलिनचा लोंढा आला की तोच रिसेप्टर निरोप फिरवतो आणि "थांब" म्हणतो, बहुतेक पेशी जळून जाऊ नये म्हणून. वरच्या भागात असे रिसेप्टर कमी, तो आपला जोर लावतच राहतो. त्यातून चंबू. शिवाय बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात ते वेगळं. २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी मानसिक धक्क्यानंतर असं झालेल्या १९ पेशंटचं रक्त तपासलं होतं, त्यात अॅड्रेनलिन आणि त्याच्या भावंडांचं प्रमाण मोठा अटॅक आलेल्या पेशंटपेक्षाही दोन-तीन पट निघालं. आणि पाळी गेलेल्या बायकांनाच हे जास्त का होतं, तर इस्ट्रोजेन हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना या लोंढ्यापासून थोडं सांभाळतं आणि ते संरक्षण तेव्हा गेलेलं असतं, असं मानतात.

बीपीचं कोडं पण इथेच सुटतं. वरचा भाग जास्त जोराने आवळला की रक्त बाहेर पडायची वाटच चिंचोळी होते. आत रक्त कमी असेल, म्हणजे पेशंट सुकलेला असेल, तर अजून चिंचोळी. मावशी सुकलेली होतीच, त्यात सॉर्बिट्रेटने शिरा सैल केल्या, हृदयाकडे परत येणारं रक्त आणखी कमी झालं. इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हा अडथळा थोडा दिसला. म्हणून इथे उपचार नेहमीपेक्षा उलटे पडले. बीपी कमी म्हणून हृदयाला जोर द्यायचं औषध चढवायचा मोह होतो, पण ती औषधं अॅड्रेनलिनच्याच जातीची, आगीत तेल. त्याऐवजी तिला हळूहळू सलाईन दिलं, फुप्फुसात पाणी होत नाही ना यावर लक्ष ठेवून, आणि संध्याकाळपर्यंत बीपी ११० वर आलं. न हलणाऱ्या टोकात रक्त साचून गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करायची इंजेक्शनं. बीटा ब्लॉकर, म्हणजे अॅड्रेनलिनला अडवणारं औषध, अशा वेळी आठवतोच पण दम्याच्या पेशंटला तो जपून, डॉक्टरांनी टाळला.

नातेवाईकांना हा आजार भयंकर आवडला, हे मला सांगायलाच पाहिजे. कारण त्याचं दुसरं नाव ब्रोकन हार्ट सिंड्रोम. काकांची पेटी बुडाली आणि मावशीचं काळीज फाटलं, अशी गोष्ट दोन दिवसांत सगळ्या गोतावळ्यात फिरली. आमच्याकडे हाय खाल्ली म्हणतात तशी तिने हाय खाल्ली. मलाही ती गोष्ट पटली होती. पण कार्डिओलॉजिस्टनी राउंडला विचारलेला पहिला प्रश्न होता, पंप किती वेळा घेतला? दुसरा, पाणी किती प्यायलात? व्हिडिओचा प्रश्न तिसरा.

आणि त्यांचं बरोबर होतं. २०१५ मध्ये युरोप-अमेरिकेतल्या १७५० पेशंटची एकत्र नोंद प्रसिद्ध झाली, त्यात जवळजवळ ९० टक्के बायका होत्या, पण कारण बघितलं तर मानसिक धक्का सुमारे २८ टक्क्यांत, शारीरिक कारण ३६ टक्क्यांत. दम्याचा झटका, ऑपरेशन, इन्फेक्शन, फ्रॅक्चर वगैरे. आणि २८ टक्क्यांहून थोड्या जास्त लोकांत कारणच सापडलं नाही. त्याच नोंदीतून पुढे असंही निघालं की थोड्या लोकांना हे आनंदाच्या धक्क्याने होतं, लग्न, नातवंड असलं काहीतरी. शरीराला बातमी वाईट आहे का चांगली हे अॅड्रेनलिनच्या पातळीवर कळत नसावं.

मग मावशीचं कारण कोणतं? दादा म्हणतो पेटी. डॉक्टर म्हणाले दमा आणि पंप मुख्य, बाकी भर. माझं मत विचाराल तर व्हिडिओ हा शेवटचा ग्लास होता, भांडं आधीच काठोकाठ भरलेलं, कॉर्टिसॉलने, जागरणाने, रिकाम्या झालेल्या निळ्या पंपाने आणि न प्यायलेल्या पाण्याने. जपानमध्ये २००४ च्या नीगाताच्या भूकंपानंतर तिथे अशा केसेस एकदम वाढल्या होत्या, त्या बायकांनीही रात्री गाडीत नाहीतर शाळेच्या हॉलमध्येच काढल्या असणार, त्यांचंही एकच कारण बोट ठेवून कोण सांगणार. पण मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. हृदय दुःखाने फाटलं ही गोष्ट इतकी गोड आहे की संडास नसल्यामुळे बाई तीन दिवस पाणी प्यायली नाही ही गोष्ट कुणी पुढे सांगतच नाही.

अजून एक, हे गोड नाव ऐकून लोकांना वाटतं की हा खोटा अटॅक. नाही हो. त्या १७५० मधले सुमारे चार टक्के हॉस्पिटलमध्येच दगावले, म्हणजे खऱ्या अटॅकच्या तोडीचं. आणि घरी बसून हा कुठला अटॅक हे ओळखायला काही मार्ग नाही, ईसीजी पण फसवतो, रक्तवाहिन्या बघितल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे आमचा तो लिंबू सरबताचा पाऊण तास दोन्हीकडून चूकच होता.

मी पोचले तोवर पाणी उतरत होतं आणि मावशी कॉटवर बसून नर्सला पुराच्या गोष्टी सांगत होती. पाचव्या दिवशीच्या इकोला ईएफ ४५, सातव्या दिवशी घरी. सहा आठवड्यांनी ६०, टोक परत हलायला लागलेलं, जणू काही झालंच नव्हतं. पेशी मेलेल्या नसतात, बधिर झालेल्या असतात, म्हणून परत येतात. खऱ्या अटॅकमध्ये मेलेला स्नायू परत येत नाही, तिथे व्रण राहतो. पण रिपोर्ट चांगला आला म्हणून माणूस लगेच चांगला होत नाही. पुढचे सात-आठ महिने तिला जिना चढला की थकवा, भांडं पडलं तरी धडधड. "रिपोर्ट नॉर्मल आहे ना, मग काय" असं दादा म्हणायचा आणि ती गप्प बसायची, त्या गप्प बसण्याची मला आता भीतीच वाटते.

दम्याचं औषध बदललं, रोज घ्यायचा दुसरा पंप नीट सुरू केला म्हणजे निळा कमी लागेल. निळा बंद नाही केला, दम लागल्यावर तो घ्यायलाच पाहिजे, हे डॉक्टरांनी तिच्याकडून वदवून घेतलं, कारण पंपाने झालं असं ऐकल्यावर तिने तो कचऱ्यात टाकायची तयारी केली होती. हे परत होऊ शकतं, थोड्या लोकांना होतं, म्हणून डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स पर्समध्ये.

गाळ काढायला आठ दिवस गेले. पेटी सापडली, आतलं सगळं गेलं. काकांच्या खिळ्याच्या वर दादाने नवीन खिळा ठोकला, स्टुलावर चढून.

जुलै २०२१ ला कृष्णा परत चढली. मी टीव्हीवर बघून घाबरून फोन लावला, लागेना. तासाभराने तिचाच आला. पाणी इशाऱ्याच्या जवळ आलंय म्हणल्यावरच ती मिरजेला आलेली, गोधडी, दोन्ही पंप आणि फाईल घेऊन. "आलेय गं मी. दुसरा तांब्या संपवतेय पाण्याचा. आणि हे बघ, गल्लीचा व्हिडिओ आला तर मला पाठवू नकोस."